विकलेला माल परत घेतला जाणार नाही

कापडाच्या दुकानात गल्ल्याच्या वर, लक्ष्मीच्या किंवा मक्का-मदिनेच्या तसबिरीखाली, एक पाटी हमखास दिसते. 'एकदा विकलेला माल कोणत्याही सबबीवर परत घेतला जाणार नाही.' शेजारी तिच्या दोन बहिणी असतात: 'आज रोख, उद्या उधार' आणि 'फॅशनच्या युगात गॅरंटीची अपेक्षा करू नये'. बिलाच्या तळाशी तेच वाक्य बारीक अक्षरात पुन्हा छापलेलं असतं, गिऱ्हाईक पाटी वाचायला विसरलं असेल तर असू द्यावं म्हणून.

मी कवितेचा माणूस. वाक्य दिसलं की आधी त्याची बांधणी बघतो. हे वाक्य कर्मणी प्रयोगातलं आहे. 'मी परत घेणार नाही' असं दुकानदार म्हणत नाही. माल परत 'घेतला जाणार नाही'. नाही म्हणणारा माणूसच वाक्यातून गायब आहे, मग भांडायचं कोणाशी? आणि 'कोणत्याही सबबीवर' हे शब्द बघा. 'कारणावर' म्हटलेलं नाही. अरबीत 'सबब' म्हणजे साधं कारण. फारसीतून मराठीत येता येता त्याला लबाडीचा वास लागला. तुम्ही दुकानात पाऊल टाकण्यापूर्वीच तुमचं कारण ही सबब ठरलेली असते.

'हे पूर्वापार असंच चालत आलंय,' असं दुकानदार सांगतात. पूर्वापार म्हणजे कधीपासून, हे एकदा बघायला हवं. कारण जुने ग्रंथ उघडले की वेगळंच काही हाती लागतं.

माल परत नेण्याची दोन कारणं असतात आणि ती एकमेकांत मिसळली की भांडण सुरू होतं. पहिलं कारण खोटीचं. साडीला आत भोक निघालं, कुकरची शिट्टी बसेना, बियाणं उगवलं नाही. दुसरं कारण मनाचं. माल चोख आहे, पण घरी आल्यावर रंग डोळ्यांना टोचला, पैसे जास्त गेले असं वाटलं, थोरल्या जाऊबाईंनी नाक मुरडलं. पहिल्यात चूक विकणाऱ्याकडे आहे. दुसऱ्यात चूक कोणाचीच नाही, फक्त पश्चात्ताप आहे. आपल्याकडच्या जुन्या कायद्यांनी या दोन्ही कारणांना जागा ठेवली होती.

मनुस्मृतीत व्यवहाराची, म्हणजे कोर्टकज्जाची, अठरा पदं सांगितली आहेत. कर्ज, ठेव, हद्दीचा वाद यांच्या रांगेत एक पद आहे 'क्रयविक्रयानुशय'. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. विकत घेतल्यावर किंवा विकल्यावर ज्याला पश्चात्ताप होईल त्याने दहा दिवसांच्या आत व्यवहार फिरवावा, असा नियम. यात घेणारा आणि विकणारा दोघंही आले. मनुस्मृतीतल्या इतर बऱ्याच गोष्टींबद्दल माझं काय मत आहे, ते सांगण्याची ही जागा नव्हे. पण पश्चात्तापाला कायद्यात एक स्वतंत्र खण देणारा माणूस बाजारात हिंडलेला असणार, एवढं नक्की.

कौटिल्य आणखी व्यवहारी. अर्थशास्त्रात त्याने धंद्यानुसार मुदती दिल्या आहेत. व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन रात्री, गुराख्याला पाच रात्री. यामागचा हिशेब त्याने सांगितलेला नाही, पण मला तो असा दिसतो: व्यापाऱ्याला माल कळतो, त्याला एक रात्र पुष्कळ झाली, शेतकऱ्याला वस्तू घरी नेऊन वापरून बघायला वेळ लागतो, आणि गाय कशी आहे हे चार धारा काढल्याशिवाय कळत नाही.

सगळ्यात बारकाईने लिहिलं आहे ते नारदस्मृतीत. सौदा महाग पडला असं वाटलं तर वस्तू त्याच दिवशी, न बिघडवता परत करावी; पूर्ण पैसे मिळतील. दुसऱ्या दिवशी आणली तर किमतीचा तिसावा हिस्सा कापला जाईल, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यानंतर मात्र वस्तू तुमचीच. आजच्या मॉलमध्ये 'रिटर्न पॉलिसी' म्हणून जे छापतात, त्यापेक्षा हे स्वच्छ आहे. पारखून बघण्याच्या मुदती वेगळ्या. दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नं-मोत्यांना सात, धान्याला दहा, लोखंड आणि कापडाला एकच दिवस. आणि घेतानाच जे वस्त्र जुनं नि मळकं दिसत होतं, ते परत घेऊन येऊ नये, हेही बजावलेलं आहे. म्हणजे लबाड गिऱ्हाईक तेव्हाही होतंच.

या यादीत दास आणि दासीही आहेत, जनावरं आणि मोती यांच्या रांगेत, त्यांच्याही पारखीच्या मुदतीसह. वाचताना तिथे थबकायला होतं. हे फक्त आपल्याकडचं नाही. बाबिलोनच्या हम्मुराबीच्या कायद्यात, जवळजवळ पावणेचार हजार वर्षांपूर्वी, विकत घेतलेल्या गुलामाला महिन्याच्या आत फेफऱ्यासारखा आजार दिसला तर त्याला परत करून पैसे घ्यावेत असं कलम आहे. रोममध्ये बाजारावर देखरेख करणाऱ्या एडाइल नावाच्या अधिकाऱ्यांचा जाहीरनामा गुलाम आणि गुरं यांच्याच विक्रीपासून सुरू होतो: खोट लपवली तर सहा महिन्यांत व्यवहार मोडता येईल, वर्षभरात किंमत कमी करून मागता येईल. गिऱ्हाइकाच्या हक्काचा इतिहास सांगताना, विकल्या गेलेल्या त्या माणसाला परत जाण्याची मुदत कोणी दिली नव्हती, हे विसरता येत नाही.

आता आमच्याकडचं. इस्लामी कायद्यात या सगळ्याला एक शब्द आहे: खियार. म्हणजे निवडीचा अधिकार. हो म्हणून झाल्यावरही नाही म्हणण्याची मोकळीक. त्याचे प्रकार आहेत. खोट निघाली तर 'खियारे ऐब'. न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर पसंत पडली नाही तर 'खियारे रूयत'. आणि सौद्यातच ठरवून घेतलेली मुदत म्हणजे 'खियारे शर्त'. इमाम अबू हनिफांच्या मते ती जास्तीत जास्त तीन दिवसांची.

या तीन दिवसांशी जोडलेली एक गोष्ट हदीसच्या ग्रंथांत येते. हब्बान बिन मुनकिज यांच्या नावाने ती सांगतात. डोक्याला झालेल्या जखमेमुळे त्यांची बुद्धी आणि वाचा अडखळत असे आणि बाजारात लोक त्यांना हमखास फसवत. घरच्यांनी पैगंबरसाहेबांकडे जाऊन विनंती केली, यांना खरेदी-विक्रीच करू देऊ नका. पण हब्बान म्हणाले, त्याशिवाय मला राहवत नाही. तेव्हा पैगंबरसाहेबांनी त्यांना बाजारातून बाहेर काढलं नाही. एक वाक्य दिलं. सौदा करताना 'ला खिलाबा', फसवणूक नाही, एवढं म्हणायचं आणि मग तीन रात्री तुला मुभा. त्यांच्या जिभेला तो शब्दही नीट उच्चारता येत नसे, ते 'ला खियाबा' म्हणत. तरी त्या बोबड्या शब्दावर सौदा मोडता येत असे. बाजारातल्या सगळ्यात कच्च्या गिऱ्हाइकाच्या मापाने नियम बेतलेला आहे, म्हणून मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

दुसरी गोष्ट धान्याच्या ढिगाची. पैगंबरसाहेबांनी बाजारात एका ढिगात हात घातला, तर आतलं धान्य ओलं. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. मग ओलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं. आणि तिसरा नियम दुभत्या जनावराचा. विकायच्या आधी दोन-तीन दिवस धार न काढता कास तुंबवून ठेवायची, म्हणजे गिऱ्हाइकाला जनावर भरपूर दुधाचं वाटतं, ही युक्ती आपल्या बाजारांनाही नवी नाही. अशा सौद्यात घेणाऱ्याला तीन दिवस मिळतात. परत करताना मात्र त्याने काढलेल्या दुधाच्या बदल्यात एक 'साअ' भरून, म्हणजे एक ठरावीक माप, खजूर द्यायचा. दुधाचा हिशेबही चुकता. नारदांचा तिसावा हिस्सा आणि हा खजूर, मला एकाच बाजारातले वाटतात.

या खियारावरून आमच्या घरातच दोन पक्ष आहेत. आम्ही घाटावरचे हनफी, माझी सासुरवाडी रत्नागिरीकडची. कोकणी मुसलमान शाफई. हनफींच्या मते शब्द दिला-घेतला की सौदा पक्का. शाफईंच्या मते सौदा झाला तरी दोघं जोवर त्या बैठकीतून उठून वेगळे होत नाहीत, तोवर कोणालाही माघार घेता येते. त्यामुळे बाजारात भाव ठरल्यावरही माझी बायको दोन मिनिटं तिथेच उभी राहते, आणि माझी चुळबुळ सुरू होते.

पण हे सगळे हक्क झाले. खोट नाही, मुदत ठरलेली नाही, पाहून-सवरून घेतलं आहे आणि तरी मन फिरलं, अशा गिऱ्हाइकाला हक्क उरत नाही. तिथे आणखी एक शब्द येतो: इकाला. दोघांच्या राजीखुशीने झालेला व्यवहार रद्द करणं. विकणाऱ्यावर त्याची सक्ती नाही. पण पस्तावलेल्या माणसाचा सौदा जो परत घेईल, त्याच्या चुका अल्ला माफ करील, अशी हदीस आहे. हक्क कुठे संपतो आणि माणुसकी कुठे सुरू होते, ती रेघ इथे नेमकी आखलेली आहे. बाराव्या शतकातल्या 'हिदाया' या ग्रंथात हे सारं प्रकरणवार आहे. वॉरन हेस्टिंग्जच्या पुढाकाराने त्याचा इंग्रजी तर्जुमा झाला, तो चार्ल्स हॅमिल्टन यांनी १७९१ मध्ये प्रसिद्ध केला. इथल्या कोर्टांना लागेल म्हणून.

आता इंग्लंडकडे वळू, कारण आपल्या पाटीचं मूळ तिथे आहे. १६०३ साली लंडनच्या कोर्टापुढे एक खटला आला, 'चँडेलर विरुद्ध लोपस'. चँडेलर सोनार. त्याने लोपसला शंभर पौंडांना एक बेझोर खडा विकला. बेझोर म्हणजे बकऱ्यासारख्या जनावराच्या पोटात तयार होणारा खडा. विषावर उतारा म्हणून युरोपातले श्रीमंत लोक तो जवळ बाळगत. शब्द आपल्याच बाजूचा, फारसी 'पादजहर'वरून गेलेला. घरी गेल्यावर लोपसला कळलं की हा खडा बेझोर नव्हेच. कोर्टाने काय म्हणावं? सोनार 'हा बेझोर आहे' एवढंच म्हणाला होता, 'याची मी हमी देतो' असं म्हणाला नव्हता. त्याला खोटेपणा ठाऊक होता, हेही दाव्यात आलेलं नाही. लोपस हरला. घेणाऱ्याने सावध राहावं, या अर्थाचं 'कॅव्हिएट एम्प्टॉर' हे लॅटिन वचन इंग्रजी कायद्यात मग असं रुजलं की अडीचशे-तीनशे वर्षं हललं नाही.

हे वचन आपल्याकडे आलं ते टप्प्याटप्प्याने. आधी १७८१ च्या कायद्याने कलकत्त्यात आणि १७९७ च्या कायद्याने मुंबई-मद्रासमध्ये, हिंदूंच्या करारांना हिंदूंचा आणि मुसलमानांच्या करारांना मुसलमानांचा कायदा लावण्याची मुभा होती. म्हणजे अनुशय आणि खियार, निदान कागदावर, जिवंत होते. १८७२ च्या इंडियन कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टने करार सर्वांना एकसारखे केले. मालविक्रीचा भाग त्यातून पुढे वेगळा काढून १९३० चा सेल ऑफ गुड्स अ‍ॅक्ट झाला. त्याचं सोळावं कलम वचनाच्याच सुरात सुरू होतं: मालाच्या दर्जाची कोणतीही गर्भित हमी नाही. पुढे अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. गिऱ्हाइकाने वस्तू कशासाठी हवी हे सांगून दुकानदाराच्या जाणकारीवर भिस्त ठेवली असेल, किंवा वर्णनावरून माल घेतला असेल, तर तो विकण्याजोगा असलाच पाहिजे. पण बासष्टावं कलम म्हणतं, कायद्याने आपोआप येणाऱ्या या जबाबदाऱ्या दोघांनी आपसात ठरवून बाजूला ठेवता येतात. पाटीला मिळालेला आधार बहुधा हाच. तुम्ही पाटी वाचलीत, तरी माल घेतलात, म्हणजे तुम्ही 'ठरवलंत'.

एकच कायदा सर्वांना, ही गोष्ट वाईट नव्हती. वाईट एवढंच झालं की पश्चात्तापाचा खण या नव्या कपाटात कोणी केलाच नाही. कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या व्यापाऱ्याला शेकड्याने गाठी विकताना पश्चात्ताप परवडत नाही, हे खरं आहे. पण तोच कायदा लुगडं घेणाऱ्या बाईलाही लागू झाला.

खुद्द इंग्रजी कायद्यात या वचनाला तोवर तडे जायला लागले होते. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या डॉ. ग्रँट यांनी १९३१ साली दुकानातून लोकरीची अंतर्वस्त्रं घेतली. गिरणीत कापडातलं रसायन नीट धुतलं गेलं नव्हतं. डॉक्टरांना त्वचारोग होऊन ते महिनोन् महिने अंथरुणाला खिळले. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९३५ साली ते दुकानदार आणि गिरणी, दोघांविरुद्ध जिंकले. हीच प्रिव्ही कौन्सिल तेव्हा आपलंही सर्वोच्च कोर्ट होतं. पण आपल्या दुकानातल्या पाटीवर तिची धूळही हलली नाही.

दुकानदाराची बाजूही ऐकायला हवी. माझे अब्बा शिलाईकाम करायचे, त्यामुळे कापडवाल्यांत माझं लहानपण गेलं. ताग्यातून कापड फाडलं की तो तुकडा त्या गिऱ्हाइकाचाच असतो. अडीच मीटरचा तुकडा परत आला तर तो पुन्हा ताग्याला चिकटत नाही. कटपीसच्या ढिगात पडेल त्या भावाने जातो. भवानीच्या आधी कोणी माल परत आणला तर अख्खा दिवस वाईट जाणार, ही समजूतही तेव्हा पक्की होती. आणि मुख्य म्हणजे घासाघीस. एकच साडी एकीला तीनशेला, दुसरीला दोनशे साठला गेलेली असायची. घासाघिशीत भाव म्हणजे कुस्तीचा निकाल. माल परत घ्यायचा म्हणजे कुस्ती पुन्हा लावायची, आणि तीही या वेळी चार गिऱ्हाइकांच्या देखत. परतीला नकार देणारा दुकानदार पुष्कळदा आपला भाव झाकत असतो.

म्हणूनच परतीची सोय जगात ज्या दुकानांत आधी रूढ झाली, ती एकच भाव लावणारी दुकानं होती. पॅरिसमध्ये अ‍ॅरिस्टिड बूसिको १८५२ साली बाँ मार्शे या दुकानात भागीदार झाले. वस्तूवर किंमत लिहिलेली, आत येऊन नुसतं बघायला मुभा आणि नको असेल तर माल परत. एमिल झोलांनी १८८३ च्या एका कादंबरीत असल्याच दुकानाचं चित्र काढलं. त्यातला मालक परतीची सोय गिऱ्हाइकावरच्या प्रेमापोटी ठेवत नाही. परत करता येईल या भरवशावर बाई नको असलेलंही घेते, हे त्याने ओळखलेलं असतं. अमेरिकेत शिकागोच्या पॉटर पामर आणि फिलाडेल्फियाच्या जॉन वॅनामेकर यांनी हेच केलं. टपालाने माल पाठवणाऱ्या माँटगोमेरी वॉर्डने १८७५ पासून 'समाधान नाही तर पैसे परत' हे शब्द आपल्या कॅटलॉगात आणले. न पाहता माल मागवणाऱ्या खेड्यातल्या शेतकऱ्याला दुसऱ्या कशानेही धीर आला नसता.

अशा सढळपणाचं पुढे काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यात एल. एल. बीन यांनी १९१२ साली शिकारीचे बूट विकायला काढले. पहिल्या शंभर जोड्यांपैकी नव्वद परत आल्या, कारण वरचं कातडं खालच्या रबरापासून उसवत होतं. त्यांनी सगळ्यांचे पैसे परत केले, बूट सुधारला आणि कधीही परत आणा, हे ब्रीद बनवलं. ते शंभराहून जास्त वर्षं चाललं. फेब्रुवारी २०१८ मध्ये कंपनीने मुदत एक वर्षावर आणली. लोक दुसऱ्यांनी वापरलेल्या, जुन्या बाजारातून उचललेल्या वस्तू आणून पैसे मागत आहेत, पाच वर्षांत २५ कोटी डॉलर त्यात गेले, असं कंपनीचं म्हणणं. जुनी गिऱ्हाइकं चिडली, काही कोर्टात गेली. दोन्ही बाजूंचा राग मला समजतो. नारदांनी मळक्या वस्त्राचा नियम उगाच लिहिला नव्हता.

आपल्याकडे पाटीला पहिला धक्का लावला तो बायकांनी. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली. १९७२-७३ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो जणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. तो मोर्चा महागाईचा होता, परतीचा नव्हे. पण दुकानासमोर गिऱ्हाईक एकटं उभं राहत नाही, हे त्याने दाखवलं. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. शेवटी २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. साध्या कागदावर, वकिलाशिवाय तक्रार करता येऊ लागली आणि खोट दुरुस्त करून द्या, माल बदलून द्या किंवा पैसे परत द्या, असा हुकूम मंचाला देता येऊ लागला. १९९९ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने राज्यांना लिहून कळवलं की बिलावर ते वाक्य छापणं ही अनुचित प्रथा आहे, व्यापाऱ्यांना समज द्या. वाक्य छापलं जातच राहिलं. छापखान्यात बिलबुकाचा जुना नमुना तयार असतो, तो कोण बदलणार?

२०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अंमलात आला. त्यात आता स्पष्ट आहे: सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा. मुदत बिलावर लिहिलेली असेल तर तेवढी, लिहिलेली नसेल तर तीस दिवस. म्हणजे खोटीपुरती तरी पाटीची मात्रा आता चालत नाही. एक मेख मात्र राहिली. मुदत लिहायची लेखणी दुकानदाराच्याच हातात दिली आहे.

आणि पाटी गेली तरी तिचं काम दुसरं कोणीतरी करतं. मागच्या पावसाळ्यात बायकोसाठी एका मोठ्या, चकचकीत दुकानातून पावसाळी चप्पल घेतली. नाव सांगत नाही. चौदाशे नव्याण्णव रुपये. पाचव्या दिवशी तळवा सुटला. काउंटरवरचा मुलगा अदबशीर होता.

'काका, ही ओल्यात वापरली का?'

'पावसाळी चप्पल आहे बाळा. ओल्यातच वापरणार.'

'तसं नाही, साचलेल्या पाण्यात चालत नाही ही.'

माझी बायको रत्नागिरीची. पावसात कसं चालावं हे तिला कोणी शिकवायची गरज नाही. तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग मॅनेजर आले. म्हणाले, 'मॅडमना डिझाइन पसंत नसेल तर आपण एक्स्चेंज करू. रिफंड सिस्टीम घेत नाही.' बघा काय झालं. तळवा सुटला, ही खोट. त्यांनी तिची नापसंती करून टाकली. आम्ही हक्क मागायला गेलो होतो, हातात मेहेरबानी पडली: तीन महिन्यांची क्रेडिट नोट, आणि दुकानातली पुढची चप्पल सोळाशेची. गिऱ्हाइकाच्या संतापाचं खरं मूळ चौदाशे रुपयांत नसतं. आपण सांगितलेलं कारण समोरचा माणूस आपल्या डोळ्यांदेखत सबबीत बदलतो, तिथे ते असतं.

अशा वेळी जिल्हा ग्राहक आयोगाची वाट आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि आता आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पण चपलेसाठी तारखा कोण घालणार, यावरच सगळे काउंटर उभे आहेत.

ऑनलाइन खरेदीने जुना प्रश्न नव्याने आणला आहे. पडद्यावर बघून घेतलेला माल हा न पाहता घेतलेलाच माल. हनफी पंडितांनी याचा फार सूक्ष्म विचार केला होता. पाहणं म्हणजे किती पाहणं? धान्याच्या ढिगाचा पृष्ठभाग पाहिला तरी पुरे, घडी घातलेल्या कापडाची बाहेरची बाजू पुरे, जनावराचं तोंड आणि पुठ्ठे पाहावेत. आंधळ्याने घेतलं तर त्याने हात लावणं, वास घेणं, चव घेणं हेच त्याचं पाहणं. मोबाइलवर आपण यातलं काहीच करू शकत नाही, म्हणजे त्या आंधळ्या गिऱ्हाइकाहूनही आपली गत वाईट. युरोपात दूरून घेतलेल्या मालाला चौदा दिवस विनाकारण परतीची मुभा कायद्यानेच आहे. अमेरिकेत दारावर येऊन माल खपवणाऱ्यांविरुद्ध १९७४ पासून तीन दिवसांची आहे. पुन्हा तेच तीन दिवस! आपल्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत सदोष, नकली, जाहिरातीशी न जुळणारा किंवा उशिरा आलेला माल परत घ्यायचं बंधन आहे. नुसतं मन फिरलं, तर मात्र कंपनीची मर्जी. आणि ती मर्जी सांभाळताना परतीचा वाहतूकखर्च पुष्कळदा इचलकरंजीच्या किंवा सुरतेच्या छोट्या विक्रेत्याच्या खिशातून जातो, हे बटण दाबणाऱ्याला दिसत नाही.

राहता राहिलं बिल. हक्क सांगायचा तर ते लागतंच, आणि मागूनही बिल न देणं ही नव्या कायद्यात अनुचित प्रथाच आहे. पण हल्लीच्या यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावर शाई नसतेच. उष्णतेने उमटलेली ती अक्षरं उन्हात, खिशातल्या घामात काही महिन्यांत फिकी पडतात. तक्रार करायला कायद्याने दोन वर्षं दिली आहेत, कागद तितका टिकत नाही. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांच्या कपाटात मिक्सरच्या खोक्यात जपून ठेवलेलं असं एखादं कोरं बिल निघेल. त्या चपलेनंतर आमच्या घरी पिशवी खाली ठेवायच्या आधी बिलाचा मोबाइलवर फोटो काढला जातो. तो अर्थातच रत्नागिरीकर काढतात.